पुढं गेलेली गोधडी

कुरियरच्या काउंटरपलीकडचा मुलगा माझ्या फॉर्मकडे बराच वेळ बघत होता. हस्ताक्षर लागत नसेल, असं मला वाटलं. पण त्याची अडचण अक्षराची नव्हती, अर्थाची होती. 'सर, पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे, आन् घेणाऱ्याच्या जागीबी तुमचंच लिहून राहिले तुम्ही.' मी म्हटलं, 'हो. मीच पाठवतोय, मीच घेणार आहे.' तो क्षणभर थांबला, आणि ज्या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही तो त्यानं अगदी निरागसपणे विचारला : 'मंग तुम्हीच काऊन नाही नेत?'

मागे रांगेत तिघं उभे होते. त्यांनाही उत्तर ऐकायचं असावं. गणपतीपुळ्याच्या एका लॉजवर आम्ही दहा दिवसांनी जाणार आहोत, आणि आमच्या आधी तिथं आईची गोधडी जाणार आहे, हे सांगायला मला फार अवघडल्यासारखं झालं. माणसं गावाला जातात तेव्हा सामान सोबत असतं, किंवा मागून येतं. आमच्या लहानपणी मागून आलेल्या सामानाची बिल्टी घेऊन वडील स्टेशनच्या पार्सल ऑफिसात खेटे घालायचे, ते मी पाहिलं आहे. पण सामानानं पुढं जाऊन आपली वाट बघत बसावं, म्हणजे मुलीकडच्यांनी जेवून घेतल्यावर वरात यावी तसं आहे. शेवटी मी म्हटलं, 'गुडघे दुखतात.' हे खरंच होतं. फक्त ते या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

खरं उत्तर आमच्या सौभाग्यवतींपाशी होतं. गेल्या दहा वर्षांत आईला समुद्र दाखवायचा बेत आम्ही तीनदा केला, आणि तिन्ही वेळा आईनं आदल्या रात्री तो मोडला. एकदा तुळशीला पाणी कोण घालेल म्हणून, एकदा पोळ्यावाली बाई सुट्टी मागेल म्हणून, आणि एकदा तर कारणच न देता, नुसतं 'माझं मन होऊन नाही राहिलं' असं म्हणून. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईच्या मनाशी हुज्जत घालता येत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात जन्मलेली, महालातच दिलेली आणि आता आमच्याबरोबर प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये राहत असली तरी मनानं अजून महालातच असलेली ही बाई. नागपुराला झिरो माइलचा खांब आहे, दगडी चार घोडे आहेत, भारताच्या मध्यावर असल्याचा अभिमान आहे. पण मध्यावर असण्याचा साधा अर्थ असा, की कुठलाही समुद्र आपल्या वाटेवर येत नाही. तो मुद्दाम उठून बघायला जावा लागतो. आणि मुद्दाम उठणं हे आईच्या स्वभावात नाही.

'आई घराबाहेर पडत नाहीत, कारण त्यांना गोधडीशिवाय झोप येत नाही,' असं ही एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली. 'तर मग गोधडीच आधी पाठवून द्या. गोधडी तिकडे आणि आई इकडे, असं किती दिवस राहतील त्या?' मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतकी मोठी मुत्सद्देगिरी आमच्या घरात मेथीच्या काड्या मोडत बसलेली असेल, याची मला कल्पना नव्हती.

गोधडीचं वजन भरलं 4 किलो 200 ग्रॅम. पूर्वी पार्सल म्हणजे एक सोहळा होता. मांजरपाटाचं कापड आणायचं, दाभणानं सुतळीचे टाके घालायचे, कोपऱ्यांवर लाखेचे लाल ठिपके वितळवून द्यायचे, आणि ती लाख गरम असताना तिच्यावर शिक्का उमटवायचा. त्या वासासाठी मी लहानपणी वडिलांच्या मागं लागून पोस्टात जात असे. आता त्या मुलानं गोधडी प्लॅस्टिकच्या करड्या पिशवीत कोंबली, चर्र आवाज करत चिकटपट्टी फिरवली, आणि माझ्या आईची झोप एका सळसळत्या पिशवीत बंद झाली. 'आत काय आहे?' असा रकाना होता. मी 'जुने कपडे' लिहिलं. 'किंमत?' तिथं मी थबकलो. तो मुलगा म्हणाला, 'शंभर लिहा सर. समदे तेच लिहिते.'

घरी परतताना मला वाटलं, आपण काही फार जगावेगळं करत नाही आहोत. पंढरीची वारी घ्या. आषाढात वारकरी टाळ-मृदंग घेऊन मोकळ्या हातांनी चालतो ते कशाच्या जोरावर? दिंडीचा ट्रक पुढं गेलेला असतो म्हणून. पथाऱ्या, तंबू, पातेली, बारदानात बांधलेल्या वळकट्या, सगळं मुक्कामी आधी पोचलेलं असतं. भक्त पायी आणि अंथरूण गाडीनं. तिकडं जपानात 1976 साली एका वाहतूक कंपनीनं घरोघरचं सामान पोचवायची सेवा सुरू केली. आता तिथले लोक आपल्या बॅगा, बर्फावर घसरायच्या पट्ट्या, गोल्फच्या काठ्या आदल्या दिवशी हॉटेलकडे रवाना करतात आणि मागून नुसता रुमाल घेऊन जातात. रिकाम्या हातांनी प्रवास करण्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, टेबुरा. आपल्याकडे रिकाम्या हातांनी कुणाच्या दारात जाणं हा असभ्यपणा. दोन संस्कृतींमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, पिशव्यांमध्ये मोजावं.

मोगल बादशहांची तर रीतच होती. तंबूंचे दोन संच. एकात बादशहा झोपलेला, दुसरा पुढच्या मुक्कामावर उभारला जातोय. या पुढं जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. पेश म्हणजे पुढं. आपल्या पेशव्यांच्या नावातही तोच शब्द आहे. पण पुढं पाठवलेल्या सामानाचा एक धोका आहे, तो औरंगजेबाला विचारावा. तो दख्खनेत उतरला तो असाच, तंबू पुढं पाठवत. मग पंचवीस वर्षं मुक्काम हलवत राहिला, आणि 1707 साली अहमदनगरजवळ वारला तेव्हा दिल्ली पुन्हा दिसलीच नव्हती. सामान पुढं गेलं की माणसाला मागं फिरता येत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी हे इतिहासाच्या पुस्तकावाचून ओळखलं होतं.

आणि खुद्द नागपूर? या गावाची तर सगळी हयात दुसऱ्यांचं सामान उतरवून घेण्यात गेली. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारी गावांहून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चौघं सोनेगावच्या धावपट्टीवर भेटायची. दिल्लीची पत्रं मद्रासच्या विमानात, मुंबईची कलकत्त्याच्या. थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो आपल्या गावी परत, पहाटेच्या आत. साऱ्या देशाच्या खुशाल्या, आजारपणं, लग्नपत्रिका आणि मनीऑर्डरी रात्री तासा-दोन तासांसाठी नागपुरात टेकायच्या. आई तेव्हा आठ वर्षांची होती. वाड्याच्या गच्चीवर झोपायचे सगळे. 'विमान आलं की आजी म्हणायची, झोपा आता, टपाल आलं,' असं आई सांगते. त्या टपालात आमच्या घरचं एकही पत्र नसे. आमचे सगळे नातेवाईक नागपुरातच होते.

दर डिसेंबरात तर सरकारच पार्सल होऊन येतं. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात वर्षातून एकदा विधिमंडळाचं अधिवेशन इथं भरावं असं ठरलं, आणि महाराष्ट्र झाल्यापासून हिवाळा आला की आधी मुंबईहून ट्रक येतात. ट्रकांतून फायलींच्या पेट्या, संगणक, टाचण्या आणि शिक्के उतरतात. रविभवनाच्या कॉटेजांना रंग लागतो, आमदार निवासाचे नळ दुरुस्त होतात, रस्त्यांचे खड्डे रातोरात बुजतात. मंत्री मागून येतात. हुरडा त्याहून मागून. आमची गोधडी निघाली तीही डिसेंबरातच. वर्धा रोडवर कुठंतरी तिचा ट्रक आणि मंत्रालयाचा ट्रक समोरासमोर आले असतील, आणि दोघांनीही एकमेकांना ओळख दाखवली नसेल.

गोधडी गेल्याचं आईला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती रागावेल म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात, पळता येईल असा उभा होतो. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, 'गेली का?' मग थोड्या वेळानं, 'एकटीच?'

त्या 'एकटीच'पासून आमच्या घरात एक नवीन नित्यक्रम सुरू झाला. पार्सल कुठवर पोचलं हे मोबाइलवर दिसतं, हे नातवानं तिला शिकवलं आणि आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. सकाळी चहाबरोबर पहिली चौकशी गोधडीची. पहिल्या दिवशी मोबाइलवर आलं, 'नागपूर केंद्रातून रवाना.' संध्याकाळी आलं, 'नागपूर केंद्रात दाखल.' दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपूरहून निघाली, पुन्हा नागपूरला पोचली. मी कपाळावर हात मारला. आई मात्र समजुतीनं म्हणाली, 'घर सोडवत नसेल तिला. मीसुद्धा अशीच करते.' तिसऱ्या दिवशी गोधडी भिवंडीला पोचली आणि तिथंच बसून राहिली. 'भिवंडीत कोण आहे आपलं?' आई विचारायची. कुणीच नव्हतं. दोन रात्री गोधडी अनोळखी गावात, अनोळखी पार्सलांच्या ढिगात होती, आणि इकडे आई दुसरी रजई अंगावर घेऊन कूस बदलत होती. डिसेंबरचं नागपूर, पारा दहावर. 'तिला थंडी नाही वाजत असेल,' असं मी म्हणालो. माझ्या बोलण्यातली गंमत आईपर्यंत पोचली नाही. ती म्हणाली, 'ती काऊन वाजेल? ती तर गोधडी आहे.'

सातव्या दिवशी लॉजच्या मॅनेजरांचा फोन आला. 'तुमचं पार्सल पोचलंय. काउंटरच्या मागे बाकावर ठेवलंय. आत नाजूक काही आहे का?' मी नाही म्हटलं. मागून आई म्हणाली, 'आहे म्हणून सांग.' मी तसं सांगितलं. त्यांनी ते पार्सल उचलून खिडकीशी ठेवलं. त्या खिडकीतून समुद्र दिसतो, हे त्यांनी सहज, वर्णनाच्या ओघात सांगितलं. आईनं फोन माझ्या हातातून घेतला नाही, पण ती माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, 'म्हणजे तिनं बघितला.'

आणि मग तिनं मला त्या लाल तुकड्याचं सांगितलं. गोधडीच्या मधोमध हातभर लाल चौकोन आहे, धुऊन धुऊन आता विटकरी झालेला. मला तो कुठल्यातरी लुगड्याचा वाटायचा. तो लुगड्याचा नाही. तो बासनाचा आहे.

आईचे वडील मध्य प्रांताच्या सचिवालयात कारकून होते. तेव्हा नागपूर राजधानी होतं, आणि नागपूरचा उन्हाळा राज्यकर्त्यांना सोसत नसे. म्हणून उन्हाळी राजधानी पचमढी. एप्रिल लागला की कचेरीतल्या फायली लाल कापडाच्या बासनांत बांधायच्या, बासनं पेट्यांत, पेट्या इटारसीवरून पिपरियाला, आणि तिथून घाटानं वर. साहेब मागून जायचे. आजोबा पेट्यांबरोबर पुढं. तिथं गार हवा, साल-सागवानाचं रान, धबधबे. राजकारणही तिथं जायचं. 1938 च्या मे महिन्यात नारायण भास्कर खरे यांच्या मंत्रिमंडळातलं भांडण मिटवायला सगळे पचमढीलाच जमले होते. तिथल्या गारव्यात ते मिटलंही. मग सामान नागपुरात परत आलं, पेट्या उघडल्या, आणि जुलैत खऱ्यांचं मंत्रिमंडळ गेलं. काही वस्तू थंड हवेतच टिकतात.

'तुम्ही जायच्या पचमढीला?' मी विचारलं.

'आम्ही कशाला? कारकुनांच्या घरचे नव्हते जात. बासनं जायची.' आईनं हे कसलीही तक्रार नसलेल्या आवाजात सांगितलं, रेशनच्या रांगेबद्दल सांगावं तसं. 'बाबा सांगायचे, वर पांघरूण लागते म्हणून. मे महिन्यात! आम्ही इकडे वाळ्याचे पडदे भिजवून राहिलो होतो.' 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरचं राजधानीपण गेलं, कचेऱ्या मोडल्या, फायली दुसरीकडे गेल्या, आणि फाटकी बासनं अडगळीत निघाली. त्यातलं एक आजोबांनी घरी आणलं. सरकारी मालमत्तेचा अपहार म्हणायचा तर म्हणावा. आमच्या घराण्यातला तो एवढाच. आजीनं त्याचा चौकोन कापून गोधडीत घातला. आणि आपल्या भाषेची गंमत बघा, एखादी गोष्ट कायमची बाजूला टाकली की आपण म्हणतो, बासनात गुंडाळली. आईचा समुद्र दहा वर्षं असाच बासनात गुंडाळून ठेवलेला होता. आता त्या बासनानंच आधी जाऊन समुद्र बघून घेतला होता. त्याला पुढं जायची जुनीच सवय.

आई चौथ्या वेळी मोडता घालणार नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी ती सकाळी सहालाच तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसलेली होती. गाडी अकराला होती.

कोल्हापूरपर्यंत एक दिवस नि एक रात्र, मग आंबा घाट, मग उतरण. संध्याकाळी पोचलो. आईनं लॉजच्या पायऱ्या चढून आधी काउंटरच्या मागच्या खिडकीकडे बघितलं. पिशवी तशीच होती, चिकटपट्टीसकट. मॅनेजर म्हणाले, 'रोज झाडताना जरा सरकवायचो, एवढंच.' आईनं त्यांना संत्र्यांची पिशवी दिली. मग पार्सल फोडून गोधडी बाहेर काढली, तिचा वास घेतला, आणि मगच वळून समुद्राकडे बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मला वाटलं होतं काहीतरी होईल. ती म्हणाली, 'बराच आहे.'

अर्थात गोधडीचा काही उपयोग झाला नाही. कोकणातला डिसेंबर. रात्री पंखा लावावा लागला. एवढं वजनी पांघरूण अंगावर घेतलं असतं तर घामानं भिजलो असतो. आईनं ती चौघडी करून अंगाखाली घातली आणि पडली. दिवा मालवल्यावर बराच वेळ शांतता होती, म्हणजे समुद्र सोडून. मग अंधारातून तिचा आवाज आला, 'रे, कूलर बंद कर ना. इतक्या थंडीत कूलर कोण लावते?' मी म्हटलं, 'आई, तो समुद्र आहे.' ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, 'रात्रभर चालू असते का?' 'असतो.' 'पाणी नाही संपत?' आणि ती झोपली. नागपूरचा माणूस मे महिन्यात वाळ्याच्या कूलरपुढं झोपतो तशी, गाढ.

तीन दिवस ती गोधडी काखेत मारून किनाऱ्यावर जायची. देवळाच्या अलीकडे एका सुरूच्या सावलीत पसरायची, लाल चौकोन वर येईल अशी, आणि त्याच्या शेजारी बसायची. त्याच्यावर नाही. मी एकदा विचारलं, मधे का नाही बसत? तर म्हणाली, 'जागा आहे की भरपूर.'

निघताना मी सहज म्हटलं, गोधडी पुन्हा कुरियरनं पाठवू या, ओझं नको. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढं बोललो नाही. परतीच्या गाडीत गोधडी तिच्या मांडीवर होती, एक बाजू खिडकीकडे करून.

घरी आल्यावर मी ती भाजीच्या काट्यावर टाकून बघितली. जाताना 4 किलो 200 ग्रॅम होती. आता 4 किलो 450 भरली. टाक्यांत वाळू आहे. आईनं ती अजून धुऊ दिलेली नाही.